पाण्याकडे जाणारी वाट कोणाची?

नदीच्या काठावर ट्रॅक्टर कोठे उभा करावा, हा प्रश्न गंभीर चर्चेचा विषय होऊ शकेल असे सहसा कोणाला वाटत नाही. रस्ते, वीज, कापसाचे भाव, शेतकऱ्यांच्या आत्महत्या अशा विषयांनी यवतमाळ जिल्ह्याचे सार्वजनिक जीवन इतके व्यापलेले आहे की, घाटावर आडव्या लावलेल्या ट्रॉलीकडे पाहण्याची उसंत शासनाला नाही आणि नागरिकांनाही नाही. तथापि लहान दिसणाऱ्या प्रश्नातच पुष्कळदा मोठा प्रश्न दडलेला असतो. नदी सर्वांची, जलाशय सर्वांचा, हे तत्त्व आपण मान्य करतो; परंतु त्या पाण्यापर्यंत पोहोचणारी दहा-पंधरा फूट रुंदीची वाट जर कोणी वाहने लावून अडविली, तर ते तत्त्व कागदावरच राहते. म्हणून पाण्याच्या काठावरील वाहनतळाचा, विशेषतः ट्रॉली जोडलेल्या वाहनांचा प्रश्न या लेखात थोडा विस्ताराने पाहू या.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, हा विषय नेहमीच्या चर्चेतला आहे. तेथे लोक आपली होडी ट्रेलरवर घालून, ती मोटारीच्या मागे जोडून तलावाकाठी नेतात. पाण्यात उतरत जाणाऱ्या सिमेंटच्या उतारावरून ट्रेलर मागे मागे नेऊन होडी पाण्यात सोडतात आणि नंतर गाडी व रिकामा ट्रेलर तळावर आणून लावतात. हा ट्रेलर कोठे लावावा, किती वेळ लावावा, त्या जागेत साधी मोटार लावली तर काय दंड व्हावा, याचे तेथे लेखी नियम असतात. आपल्या जिल्ह्यात मौजेखातर होड्या बाळगणारे किती सापडतील? बहुधा बोटांवर मोजण्याइतके. पण पाणी आहे, उतार आहे, आणि ट्रेलर तर गावोगाव आहे. आपण त्याला ट्रॉली म्हणतो एवढेच.

जिल्ह्याचे जलचित्र

यवतमाळ जिल्हा दोन नद्यांच्या कुशीत वसलेला आहे. उत्तरेकडून व पूर्वेकडून वर्धा नदी आणि दक्षिणेकडून पैनगंगा नदी जिल्ह्याची सीमा आखतात. पैनगंगेवरील इसापूर धरण हे या भागातील सर्वांत मोठे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. याखेरीज दिग्रसजवळचे अरुणावती, पुसदजवळचे पूस, बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा, शिवाय यवतमाळ शहराची तहान भागविणारे निळोणा व चापडोह असे अनेक जलाशय आहेत. दुष्काळी म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, त्या जिल्ह्यात पाण्याचा काठ वास्तविक शेकडो किलोमीटरांचा आहे.

या काठावर रोज कोण येते? पहाटे जाळे काढणारा मच्छीमार येतो. भोई समाजातील कित्येक कुटुंबे आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद यांची उपजीविका या जलाशयांवर चालते. गुरे पाण्यावर आणणारा गुराखी येतो. गणेशोत्सवात, आणि यवतमाळच्या प्रसिद्ध दुर्गोत्सवात, विसर्जनासाठी मूर्ती घेऊन मंडळे येतात. अस्थिविसर्जनासाठी शोकाकुल कुटुंबे येतात. सुटीच्या दिवशी सहली येतात. त्यांत आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतींच्या सहलीही असतात. आणि नदीवर या सर्वांच्या आधी, बहुधा रात्रीच, रेतीचे ट्रॅक्टर आलेले असतात.

या सर्वांना पाण्यापर्यंत नेणारी वाट मात्र बहुतेक ठिकाणी एकच असते. दरड उतरून खाली जाणारा, चाकोऱ्यांनी खोल झालेला, एका वेळी एकच वाहन मावेल असा तो उतार. तो कोणी आखलेला नाही. वापरातून झालेला आहे. आखलेला नसल्यामुळे त्याच्यावर कोणती वाहने थांबावीत, कोणती थांबू नयेत, हे सांगणारा फलकही नाही. जेथे नियम सांगणारा कोणी नसतो, तेथे जो आधी येतो आणि ज्याचे वाहन अवजड असते त्याचाच नियम चालतो. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशा अनुभवांतूनच घडविली असावी.

एक विसंगती येथे नोंदविण्यासारखी आहे. २०१६ साली संसदेने राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम संमत केला आणि देशातील एकूण १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्या यादीत पैनगंगा-वर्धा नदीप्रणालीचाही समावेश आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरून वाहणारे पाणी कायद्याच्या दृष्टीने राष्ट्रीय महामार्गाचे भावंड आहे! प्रत्यक्षात उन्हाळ्यात या नद्यांच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. जलमार्ग जाहीर करणे सोपे. पण त्या मार्गावर नाव सुरक्षितपणे उतरविता येईल असा एक पक्का उतार बांधणे आणि तो मोकळा ठेवणे हे अवघड काम कोणाच्याच वाट्याला आलेले नाही.

ट्रॉलीचा प्रश्न वेगळा का?

मोटारसायकल किंवा मोटार चुकीच्या जागी लावली तर ती ढकलून, वळवून बाजूला करता येते. ट्रॉलीसह ट्रॅक्टर ही वेगळीच गोष्ट आहे. त्याला लांबी असते, आणि जोड असतो. मागे घेताना ट्रॉली स्टिअरिंगच्या उलट दिशेने वळते, हे प्रत्येक ट्रॅक्टरचालकाला ठाऊक आहे. दोन चाकी ट्रॉली कसलेला चालक कशीबशी मागे घेतो. चार चाकी ट्रॉली, जिची पुढची चाके दांडीबरोबर फिरतात, ती अरुंद जागेत मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच चालक ट्रॉली जेथे सोयीची वाटेल तेथे सोडतो, खुंटी काढून ट्रॅक्टर मोकळा करतो आणि निघून जातो. मागे राहते ती इंजिन नसलेली, चालक नसलेली, कित्येकदा क्रमांकपाटी व परावर्तकही नसलेली ट्रॉली. उतारावर तिच्या चाकाखाली एखादा दगड असतो. तोच तिचा ब्रेक. तो दगड सरकला तर खाली पाण्याजवळ धुणे धुणाऱ्या स्त्रिया असतात, पोहणारी मुले असतात.

दुसरा धोका माणसांच्या वाहतुकीचा आहे. ट्रॉली मालासाठी असते. परंतु मजूर, वऱ्हाडी, विसर्जनाची मिरवणूक आणि सहल या सर्वांसाठी ती सर्रास वापरली जाते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात ४ एप्रिल २०२५ रोजी आलेगाव शिवारात मजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्या हळदीच्या मळ्यात कामाला निघालेल्या गरीब कुटुंबांतील होत्या. विहीर असो, नदी असो वा धरण. पाण्याच्या काठावर ट्रॉली किती जपून न्यावी आणि किती दूर थांबवावी, याचा धडा त्या दुर्घटनेने दिला. आपण तो घेतला का?

कायदा काय सांगतो?

‘घाटावर कसला आला वाहतुकीचा कायदा’ असा एक समज ग्रामीण भागात आहे. तो बरोबर नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ‘सार्वजनिक स्थान’ या संज्ञेची व्याख्या केवळ रस्त्यापुरती मर्यादित नाही. जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे अशी कोणतीही वाट अथवा जागा तीत येते. नदीघाट आणि धरणाकडे जाणारा सार्वजनिक उतार या व्याख्येत सहज बसतो. शिवाय त्याच कायद्यात ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश आहे. तेव्हा ट्रॅक्टरपासून सोडविलेली ट्रॉली म्हणजे कायद्याच्या कक्षेबाहेरची लोखंडी पेटी, असे म्हणता येत नाही.

त्या अधिनियमाचे कलम १२२ तर थेट आपल्या प्रश्नाला हात घालते. सार्वजनिक स्थानी इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशा रीतीने वाहन अथवा ट्रेलर सोडून देऊ नये वा उभा ठेवू नये, असे ते सांगते. कलम १२६ नुसार, परवानाधारक चालक आसनावर नसेल तर इंजिन बंद करून, ब्रेक लावून, वाहन आपोआप हलणार नाही याची तजवीज करणे बंधनकारक आहे. घाटाच्या उतारावर या तरतुदीचे महत्त्व सांगावयास नको. कलम १२७ अन्वये दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेले वाहन, तसेच मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन, गणवेशातील पोलीस अधिकारी ओढून नेण्याचा आदेश देऊ शकतो; आणि ते धोकादायक स्थितीत असेल तर तत्काळ हलविता येते. वाहतुकीस अडथळा करणाऱ्यास कलम २०१ खाली पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कलम ११७: राज्य शासन अथवा त्याने अधिकार दिलेला प्राधिकारी, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, वाहने उभी करण्याची ठिकाणे निश्चित करू शकतो. घाटाजवळ ‘ट्रॉलीतळ’ आखावयाचा असेल तर त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. हे एक कलम पुरेसे आहे.

फौजदारी कायद्याकडे वळलो तर आणखी एक लक्षणीय गोष्ट दिसते. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम २८३ सार्वजनिक मार्गात अडथळा आणण्याबद्दल होते. त्याच वाक्यात सार्वजनिक जलमार्गाचाही उल्लेख होता, आणि शिक्षा होती दोनशे रुपयांपर्यंत दंडाची. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये तीच तरतूद कायम असून दंडाची मर्यादा पाच हजार रुपये करण्यात आली आहे. रस्ता आणि जलमार्ग यांना कायद्याने दीडशे वर्षांहून अधिक काळ एकाच ओळीत बसविले आहे. ही दोन्ही जेथे एकमेकांस भेटतात तो घाटाचा उतार. नेमका तोच आपण बेवारस ठेवला आहे.

मग अडते कोठे? अडते ते जबाबदारीच्या वाटणीत. नदीचे पात्र महसूल खात्याचे, जलाशय जलसंपदा विभागाचा, तेथवर जाणारा रस्ता जिल्हा परिषदेचा वा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाचा, वाहने पोलिसांच्या व परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत आणि परिसराची स्वच्छता ग्रामपंचायतीकडे. सहा यजमान आणि घर उपाशी, अशी ही अवस्था आहे. प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवू शकते, आणि त्यात कोणीच खोटे बोलत नसते.

रेतीचा पदर

नदीकाठच्या ट्रॉल्यांविषयी बोलताना रेतीचा विषय टाळणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे होय. एका ट्रॉलीत साधारणतः एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट रेती मावते. रात्रीतून एका घाटावर अनेक फेऱ्या होतात, आणि फेऱ्यांच्या मध्ये ट्रॉल्या उतारावर रांगेने उभ्या असतात. बेकायदा उपशाविरुद्ध महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये कडक तरतुदी आहेत. गौण खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन जप्त करण्याचा अधिकार आहे आणि २०१८ पासून जप्त ट्रॅक्टर-ट्रॉली सोडविण्यासाठी एक लाख रुपयांचा स्वतंत्र दंड आहे. तरीही व्यवहार थांबलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये उमरखेड येथे कारवाईस गेलेल्या नायब तहसीलदारावर रेतीतस्करांनी चाकूहल्ला केला, ही घटना जिल्हा विसरलेला नाही.

शासनाचे रेतीधोरणही स्थिर राहिलेले नाही. २०२३ साली सहाशे रुपये ब्रास दराने डेपोतून रेती देण्याची योजना आली; एप्रिल २०२५ मध्ये ती मागे पडून पुन्हा लिलावाची पद्धत स्वीकारण्यात आली, आणि घरकुलांच्या लाभार्थींसाठी प्रत्येक घाटातील दहा टक्के रेती राखून पाच ब्रासपर्यंत मोफत देण्याचे ठरले. हेतू स्तुत्य आहे. पण विचार करा: घरकुलाची मोफत रेती आणावयास गेलेला लाभार्थी भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन घाटावर पोहोचतो आणि तेथे उतारावर आधीच इतरांच्या चार ट्रॉल्या आडव्या असतात. त्याचा हक्क शासननिर्णयात आहे. त्याची वाट मात्र दुसऱ्याच्या मर्जीत आहे. गरिबाच्या हक्काचे हे असे होते. त्याला ‘नाही’ असे कोणी म्हणत नाही. केवळ वाट मिळत नाही.

दिवसा, नियमाने चालणारा, आखलेला तळ असेल तर कायदेशीर ट्रॉली कोणती आणि चोरीची कोणती हेही सहज ओळखता येईल. ज्याचा परवाना आहे तो तळावर उभा राहील. ज्याचा नाही तो उतारावर, अंधारात सापडेल. म्हणजे वाहनतळाची ही साधी आखणी रेतीचोरीविरुद्धचे एक शांत, निःशस्त्र हत्यारही ठरू शकते.

पुराच्या रात्री

या प्रश्नाचे सर्वांत गंभीर अंग आपत्तीच्या वेळी दिसते. २२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीने यवतमाळ जिल्ह्याला झोडपले. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यात चाळीसहून अधिक माणसे पुराच्या वेढ्यात अडकली. त्यांच्यासाठी वायुसेनेची हेलिकॉप्टरे मागवावी लागली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला धाव घ्यावी लागली. या दलाची एक तुकडी नागपूरला असते. तेथून रबरी नावा, इंजिने, दोर, जीवरक्षक जाकिटे वाहनांत घालून पथक निघते आणि जेथे पाण्याला टेकता येईल अशा पहिल्या उतारावर नाव फुगवून सोडते. दीडशे किलोमीटरांचा प्रवास करून आलेले ते वाहन शेवटच्या शंभर फुटांवर, कोणी तरी सोडून गेलेल्या ट्रॉलीपाशी थांबले तर? चालक कोठे आहे, चावी कोणाकडे आहे, ट्रॅक्टर कोण आणील, या शोधात गेलेला अर्धा तास कोणाच्या आयुष्यातून वजा होतो?

विदर्भातील नावदुर्घटना आठवून पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, झुंज येथे, वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांचा अंत झाला. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील गणपूर येथे वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडण्यास निघालेल्या सहा स्त्रिया बुडाल्या. या दुर्घटनांची कारणे वेगवेगळी होती, आणि त्यांचा दोष वाहनतळावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु त्या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते: आपल्याकडे नाव पाण्यात उतरते ती जागा म्हणजे कोणाच्याही देखरेखीखाली नसलेली जागा असते. तेथे कोण चढले, किती चढले, जाकिटे होती का, हे पाहणारा कोणी नसतो. जेथे वाहनतळाचा नियम असतो तेथे निदान एक फलक असतो, एक राखणदार असतो, आणि तोच ‘नावेत इतकी माणसे घेऊ नका’ असे म्हणू शकतो. एका नियमाच्या मागोमाग दुसरा नियम येतो, हे नागरी जीवनाचे वैशिष्ट्यच आहे.

इतरत्र काय केले आहे?

अमेरिकेतील सार्वजनिक नौका-उतारांची रचना पाहिली तर तीत काही शिकण्यासारखे आढळते. उतार साधारणतः शंभर फुटांत बारा ते पंधरा फूट असा ठेवतात: याहून सपाट असला तर नाव तरंगत नाही, याहून तीव्र असला तर चाके घसरतात. मोटार व ट्रेलर मिळून उभे राहण्यासाठी सुमारे तीन मीटर रुंद व बारा मीटर लांब जागा तिरकी आखतात, जेणेकरून वाहन एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे. नाव सज्ज करण्याची जागा वेगळी, नाव बांधण्याची जागा वेगळी, आणि प्रत्यक्ष उतार केवळ सोडण्या-चढविण्यापुरता. उतारावर थांबून गप्पा मारणे हे तेथे असभ्यपणाचे मानतात. लांब जागेत ट्रेलर नसलेली मोटार लावली तर दंड होतो. या व्यवस्थेचा खर्चही पाहण्यासारखा आहे: मासेमारीची साधने आणि मोटरबोटींचे इंधन यांवरील केंद्रीय करातून जो निधी राज्यांना मिळतो, त्यातील किमान पंधरा टक्के अशा उतारांसाठी राखावे लागतात. जो पाण्याचा उपभोग घेतो तोच पाण्यापर्यंतच्या वाटेचा भार उचलतो.

आपल्याच राज्यात मार्च २०२० पासून मुंबई-मांडवा आणि फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर अशी रो-रो सेवा सुरू झाली. मोटारी थेट बोटीत चढू लागल्या तेव्हा किनाऱ्यावरील रांग, वळण आणि वाहनतळ यांचा विचार करणे भाग पडले. पाचूबंदर, अर्नाळा, उत्तन येथील आपल्या मच्छीमार बांधवांना हा प्रश्न समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जाळी वाळविण्याची, होडी ओढून घेण्याची आणि मासळीची गाडी लावण्याची जागा यांवरून होणारे वाद ते पिढ्यानपिढ्या पाहत आले आहेत. कोकण किनाऱ्यावर जे धक्क्यावर घडते, तेच विदर्भात घाटावर घडते.

काय करता येईल?

टीका करणे सोपे असते; म्हणून काही व्यवहार्य सूचना येथे मांडतो. पहिली, प्रत्येक तालुक्यात वर्दळीचे दोन-तीन घाट व जलाशयांचे उतार निवडून जिल्हाधिकाऱ्यांनी संबंधित विभागांची एकत्र बैठक घ्यावी आणि एका ठिकाणासाठी एकच जबाबदार अधिकारी नेमावा. दुसरी, प्रत्यक्ष उतारावर कोणतेही वाहन उभे राहणार नाही. माल वा नाव उतरविली की वाहन वर, हा एकच नियम मोठ्या अक्षरांत मराठीत आणि आवश्यक तेथे गोंडी, कोलामी, बंजारा या बोलींत लिहावा. तिसरी, दरडीच्या वर, पुराच्या रेषेबाहेर, ट्रॉलीसह वाहन वळसा घेऊन बाहेर पडू शकेल असा मुरमाचा तळ करावा. तेथे सोडलेल्या ट्रॉलीच्या चाकांना लाकडी ठोकळे आणि मागे परावर्तक सक्तीचा असावा. चौथी, बचाव पथकासाठी बारा महिने मोकळी राहील अशी एक पट्टी पिवळ्या रंगाने आखावी. पाचवी, विसर्जनाच्या दिवसांत ट्रॉल्यांची ये-जा एकेरी ठेवावी आणि माणसे घाटाच्या आधीच उतरवावीत.

सहावी सूचना ग्रामसभेविषयी आहे. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी आदी तालुक्यांतील ठरावीक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत. लहान जलसाठ्यांचे व्यवस्थापन आणि गौण खनिजांविषयीची शिफारस यांत ग्रामसभेला आवाज आहे. आपल्या पाण्याच्या वाटेवर कोणी, केव्हा, किती वेळ थांबावे, हे ठरविण्याचा आरंभ या गावांनी केला तर तो जिल्ह्याला दिशा दाखवील.

या सूचनांवर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. नियम आला की दंड येतो, दंड आला की तो गरिबावर पडतो. ट्रॅक्टर कर्जाचा असतो, चालक रोजंदारीचा असतो. ज्याच्या सांगण्यावरून ट्रॉली आडवी लागली तो मालक घरी असतो आणि पावती फाडली जाते ती चालकाच्या नावे. मच्छीमाराची पाटीभर मासळी नेणारी हातगाडी आणि रेतीच्या दहा ट्रॉल्या यांना एकाच मापाने मोजले तर तोही अन्यायच होईल. म्हणून नियम करतानाच प्राधान्यक्रम लिहून ठेवावा: प्रथम बचावकार्य, मग मच्छीमार व शेतकरी, मग धार्मिक व सामाजिक विधी, मग परवानाधारक वाहतूक, आणि शेवटी सहल व करमणूक. मच्छीमार आणि गुरांसाठी येणाऱ्यांकडून शुल्क घेऊ नये. व्यापारी ट्रॉलीकडून ग्रामपंचायतीने माफक शुल्क घेऊन त्यातूनच राखणदाराचे वेतन द्यावे. दंड वाहनाच्या नोंदणीवर, म्हणजे मालकावर बसावा. तसेच पहिला महिना केवळ समज देण्याचा असावा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या दर्जाला काही अर्थ द्यावयाचा असेल तर ज्याप्रमाणे शेताला पाणंद रस्ता हवा, त्याप्रमाणे पाण्याला उतार हवा, हेही मान्य करावे लागेल.

दुसरा आक्षेप असा की, जेथे माणसे कर्जाने जीव देत आहेत तेथे वाहनतळाची चर्चा कशाला? त्यास उत्तर असे की, मोठ्या दुःखांवर उपाय शोधताना लहान सोयी थांबवून ठेवाव्यात असा काही नियम नाही. पहाटे चार वाजता जाळे काढावयास गेलेला मच्छीमार उतार अडलेला पाहून दोन तास थांबतो, तेव्हा त्याची मासळी बाजारात उशिरा पोहोचते आणि भाव पडतो. त्याच्या कर्जाच्या वहीत ते दोन तासही लिहिलेले असतात.

आपला वाटा

वाचकहो, या विषयात आपल्याला करण्यासारखे काय आहे? रविवारी मंदिराच्या प्रवेशद्वाराशी आपण गाडी कशी लावतो, येथपासून आरंभ करता येईल. कारण शववाहिका व रुग्णवाहिका यांची वाट अडविणारा शहाणा माणूसही ‘पाचच मिनिटे’ असेच म्हणत असतो. धरणावर सहल न्यावयाची असेल तर ती ट्रॉलीतून नेऊ नये, बस वर थांबवावी आणि उतार मोकळा ठेवावा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी ट्रॉलीला परावर्तक लावावा. त्याची किंमत फार नसते.

आणि ज्यांचे गाव नदीकाठी आहे त्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. विषयपत्रिकेवर एक ओळ पुरे: ‘घाटाकडे जाणारा उतार मोकळा ठेवणे व ट्रॉल्यांसाठी तळ निश्चित करणे.’ या ओळीला निधी फारसा लागत नाही, तिच्यामुळे कोणाची जात वा पक्ष दुखावत नाही. पावसाळा येण्यापूर्वी, मे महिन्याच्या सभेत, ती संमत झाली तर जुलैच्या एखाद्या रात्री बचावाची नाव कोणाच्या तरी दारापर्यंत वेळेवर पोहोचेल.